पेटी कुणाची आहे?

गेल्या दिवाळीत घरी गेलो होतो. आमचं घर जुन्या जालन्यात, आनंदी स्वामींच्या मंदिरापासून पाच मिनिटांवर. संध्याकाळी ओट्यावर बसून फोनवर भीमसेन जोशींची एक जुनी मैफल लावली होती. हेडफोन पुण्यालाच राहिला होता, त्यामुळे फोनचाच स्पीकर, आणि समोरून रिक्षा चालल्या होत्या. आजोबा आतून आले, दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले आणि दोनेक मिनिटांनी म्हणाले, "अप्पांची पेटी आहे."

"कोण अप्पा?"

"अप्पा जळगावकर. आपल्या जालन्याचे." मग माझ्याकडे बघून, "तुला माहीत नाही? मग काय ऐकायलास इतके दिवस?"

मी स्क्रीन बघितली. गायकाचा फोटो, गायकाचं नाव, रागाचं नाव. 'कलाकार' या रकान्यात एकच माणूस. माहितीचं पान उघडलं, खाली कॉमेंट वाचल्या. पेटीवर कोण, तबल्यावर कोण, कुठेच नव्हतं. ही मैफल मी ऑफिसला जाता-येता निदान पन्नास वेळा ऐकली असेल. आजोबांना दोन मिनिटं पुरली.

आजोबा तीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांनीच मला आठवीपासून दोन वर्षं शिकवली. अलंकार, एक भूप, चार भजनं, आणि मग दहावी आली. पुढे इंजिनिअरिंग, पुढे पुण्यात नोकरी. पेटी कपाटावर गेली आणि माझ्या डोक्यात तिची जागा 'शिकाऊ लोकांचं वाद्य' अशी होऊन बसली. त्या संध्याकाळनंतर मी अप्पा जळगावकरांना शोधून शोधून ऐकायला लागलो. हा लेख त्या ऐकण्यावर आहे.

आधी त्यांच्याबद्दलची माहिती. पूर्ण नाव सखाराम प्रभाकर जळगावकर. जन्म जालन्याचा, ४ एप्रिल १९२२. तेव्हा जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि स्वतंत्र जिल्हा व्हायला अजून ५९ वर्षं होती. पुढची सगळी कारकीर्द पुणे धरून. वसंतराव देशपांडे, भीमसेन जोशी, जसराज, किशोरी आमोणकर, माणिक वर्मा अशा गायक-गायिकांना त्यांनी साथ केली. तबल्याच्या एकल वादनाला लेहरा धरला. २००० सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. १६ सप्टेंबर २००९ रोजी पुण्यात निधन.

एवढ्यात संपतं. बारकाईनं बघितलं तर या माहितीतली निम्मी नावं दुसऱ्यांची आहेत. साथीदाराचं चरित्र असंच लिहिलं जातं: यांना साथ केली, त्यांना साथ केली. वाचणाऱ्याला वाटतं की मोठ्या लोकांच्या शेजारी बसणं हेच या माणसाचं कर्तृत्व. शेजारी बसून त्यानं नेमकं काय केलं, आणि ते दुसऱ्या कुणाला का जमलं नसतं, हा प्रश्न चरित्रात येतच नाही. गायकाबद्दल आपण घराणं, आवाजाचा लगाव, राग मांडायची पद्धत असं बोलतो. पेटीवाल्याबद्दल बोलतो ते 'छान साथ' या दोन शब्दांत. वर्तमानपत्रातल्या मैफलीच्या बातमीतही त्याचं नाव शेवटच्या वाक्यात, आणि तेही तबलेवाल्याबरोबर एकाच क्रियापदात.

माझं म्हणणं असं की साथ ही गायनावरची टीका आहे, तीही गाणं चालू असताना, सगळ्यांसमोर केलेली. टीका म्हणजे दोष काढणं या अर्थानं नव्हे. गायकानं आत्ता काय म्हटलं, त्यातलं महत्त्वाचं काय, कुठे थांबून ऐकायचं, हे साथीदार प्रत्येक क्षणी ठरवतो आणि आपल्याला ऐकवतो. अप्पांची कारकीर्द अशी ऐकली की ती नावांची यादी उरत नाही.

पण त्याआधी पेटीवर झालेल्या आरोपांकडे बघायला हवं, कारण अप्पांचं अर्धं आयुष्य त्या आरोपांखाली गेलं.

हार्मोनियम मूळची युरोपातली. पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यानं १८४२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पायानं भाता मारायची ती मोठी पेटी आपल्याकडे आली, कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी ती जमिनीवर बसून एका हातानं भाता मारता येईल अशी बनवली, आणि ती नाटक, कीर्तन, भजन, मैफल सगळीकडे शिरली. महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला. ती स्वस्त होती, सुरात लावून द्यावी लागत नव्हती, सारंगीसारखी वीस वर्षांची साधना मागत नव्हती. याच गुणांमुळे तिच्यावर संशयही आला.

ऑल इंडिया रेडिओनं १९४० च्या मार्चमध्ये पेटी बंद केली. त्याआधी १९३८ मध्ये रेडिओच्याच सेवेत असलेल्या जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकारानं पेटीविरुद्ध कडक लेख लिहिला होता, आणि रवींद्रनाथ टागोरांनीही पत्र लिहून या वाद्यावरचा राग कळवला होता. स्वातंत्र्यानंतर सरकार बदललं, धोरण बदललं नाही. माहिती आणि प्रसारण खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर १९५२ ते १९६२ या काळात त्याच मताचे होते. बंधन सैल व्हायला १९७१ च्या सुमाराची वाट बघावी लागली, आणि तेही साथीपुरतं. एकल पेटीवादन रेडिओवर यायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली.

आता ही वर्षं अप्पांच्या वयाशेजारी ठेवून बघा. १९४० मध्ये ते अठरा वर्षांचे होते. १९७१ मध्ये एकोणपन्नास. कुठल्याही वादकाची बोटं, कान आणि अंगातला जोर यांचा सगळ्यात भरीचा काळ हाच. त्या काळात शास्त्रीय संगीताचा सगळ्यात मोठा आश्रयदाता रेडिओ होता. संस्थानं गेली होती, कॅसेट यायची होती, पगार आणि श्रोते दोन्ही रेडिओकडे होते. आणि त्या दारावर या माणसाच्या वाद्याला प्रवेश नव्हता. गायक तोच, राग तोच; मैफलीत शेजारी पेटी आणि स्टुडिओत शेजारी सारंगी किंवा व्हायोलिन.

हे अन्यायाचं प्रकरण म्हणून मांडणं सोपं आहे, पण आरोप खोटा नव्हता. पेटीचा सप्तक बारा समान तुकड्यांत कापलेला असतो. प्रत्येक तुकडा १०० सेंट, म्हणजे पूर्ण सप्तक १२०० सेंटचा. तंबोऱ्याच्या षड्जातून आपसूक ऐकू येणारा शुद्ध गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. पेटीचा ४०० वर. चौदा सेंटचा फरक. कोमल रिषभ नैसर्गिक प्रमाणात ११२ च्या आसपास, पेटीवर १००. पंचमात फरक फक्त दोन सेंटचा, म्हणून तो खटकत नाही. चौदा म्हणजे किती, हे कळायला यमनचा ठेहराव ऐका. गायक गंधारावर थांबलाय, तंबोरा झंकारतोय, आणि पेटी त्याच्याहून किंचित वर घासतेय. पुण्या-मुंबईचे चांगले कारागीर गायकाची पट्टी विचारून सूर घासून देतात आणि हा फरक कमी करतात. पण दुसरी अडचण घासून जात नाही. पेटीवर मींड नाही. दोन पट्ट्यांच्या मधे काही नाही. दरबारीचा गंधार कोमलाच्याही खाली झुलत असतो. पेटीवर तो झुलणारा सूर कुठल्याच पट्टीखाली नाही.

थोडक्यात, ज्या संगीताचा जीव दोन स्वरांच्या मधल्या जागेत आहे त्याच्या साथीला मधली जागाच नसलेलं वाद्य. टागोर चुकले नव्हते. मग गायकांनी पेटी सोडली का नाही? भीमसेनांसारखा सुराला इतका जागा माणूस आयुष्यभर पेटी शेजारी घेऊन का बसला?

याचं उत्तर मला अप्पांच्या साथीत ऐकू येतं. ते ऐकायची एक पद्धत सांगतो. विलंबित ख्याल लावा, हेडफोन घाला आणि पहिली दहा मिनिटं गायकाकडे दुर्लक्ष करायचा प्रयत्न करा. फक्त पेटी ऐका. सवय नसल्यामुळे दोन मिनिटांत कान गायकाकडे पळेल. परत आणा.

पहिली गोष्ट लक्षात येईल ती भात्याची. अप्पांची पेटी गायकाच्या आवाजाच्या खाली राहते. गायक सूर लावतो तेव्हा ती जवळजवळ नसते, आणि त्याचा श्वास संपत येतो तसतशी भरत जाते. श्रोत्याला वाटतं गायकाचाच सूर अजून चालू आहे. भीमसेनांचा दमसास जगाला माहीत आहे. पण दम कितीही मोठा असला तरी श्वास घ्यावाच लागतो, आणि तो श्वास आपल्याला खड्ड्यासारखा जाणवत नाही याचं बरंचसं श्रेय डाव्या हाताच्या भात्याला आहे.

दुसरी गोष्ट मींडेची. सामान्य पेटीवाला गायकाची मींड पट्ट्यांवर उतरवायला जातो. वरून खाली यायचं तर मधल्या चार पट्ट्या भराभर दाबतो, आणि गायकानं गुळगुळीत काढलेली रेघ शेजारी पायऱ्यांसारखी ऐकू येते. अप्पा बहुतेक वेळा या फंदात पडत नाहीत. मींड सुटते त्या स्वरावर हलकं बोट, मग बोट वर, गायकाला एकट्याला प्रवास करू देणं, आणि तो पोचतो त्या स्वरावर आधीच हजर असणं. मधला रस्ता गायकाचा. पेटीला जे जमत नाही ते ती करायलाच जात नाही. चौदा सेंटच्या भांडणावरही त्यांचा उपाय हाच दिसतो. गायक गंधारावर ठेहराव करतो तेव्हा पेटी गंधारावर रेंगाळत नाही. ती पंचमाला किंवा षड्जाला टेकते, म्हणजे जिथे तिचं आणि तंबोऱ्याचं जुळतं तिथे. गंधार गायकाचा आणि तंबोऱ्याचा राहतो.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, मोकळ्या जागांची. गायक एक आलापी संपवून थांबतो. दोन-तीन सेकंद. इथे पेटीवाल्याची खरी परीक्षा, कारण आता मैदान त्याचं आहे. टाळ्यांची भूक असलेला वादक इथे स्वतःची एक हरकत टाकून जातो. अप्पा गायकाच्या वाक्याचा शेवटचा तुकडा तेवढा परत देतात, थोडा लहान करून. आपण बोलताना समोरचा 'म्हणजे असं म्हणायचंय ना?' असं म्हणतो, तसं. गायकाला कळतं काय ऐकलं गेलं, आणि तो तिथून पुढे जातो. कधी अप्पा काहीच देत नाहीत, तंबोरा वाजू देतात. मी टीका म्हटलं ती हीच. वाक्यातलं कुठलं चार स्वरांचं टोक परत द्यायचं हे निवडणं म्हणजे त्या वाक्याचा अर्थ लावणं.

मारवा घ्या. वसंतराव देशपांड्यांचा मारवा ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. या रागात पंचम नाही, आणि षड्ज आहे पण गायक तो लांबवत राहतो. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्यावर सगळा भार. घर समोर दिसतंय आणि जायचं नाही, अशी अस्वस्थता हाच त्या रागाचा स्वभाव. पेटीवाल्याच्या हाताची सवय काय? वाक्य संपलं की बोट सा वर. भजनात वर्षानुवर्षं तेच केलेलं असतं. मलाही आजोबांनी तेच शिकवलं. मारव्यात हे एकदा केलं तरी राग फुटतो. गायक जी गोष्ट दहा मिनिटं लपवून ठेवतोय ती शेजारच्यानं पहिल्याच मिनिटाला सांगून टाकली. म्हणून मारव्याच्या साथीत वादकानं काय वाजवलं यापेक्षा त्याचं बोट कुठे गेलं नाही हे ऐकायचं. वसंतरावांसारखा गायक, जो पुढच्या क्षणी कुठे उडी घेईल ते त्याला स्वतःलाही ठाऊक नसावं असं वाटतं, त्याच्या शेजारी बसून हा संयम ठेवायचा, आणि उडी घेतली की तिथे पोचायचंही.

पोचायचं म्हणजे काय ते मी माझ्या धंद्याच्या हिशेबानं सांगतो. आवाज ऐकून बोट हलवायला माणसाला साधारण दीडशे मिलिसेकंद लागतात. द्रुत तानेत गायक सेकंदाला आठ स्वर घेतोय असं धरा. एका स्वराला सव्वाशे मिलिसेकंद. म्हणजे पेटीवाला नुसतं ऐकून वाजवत असेल तर तो कायम एक स्वर मागे राहणार, आणि तेवढं मागं राहणं कानाला भयंकर लागतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही असा उशीर लपवायला अंदाज बांधतो: पुढे काय मागितलं जाईल ते आधीच आणून ठेवायचं. अंदाज चुकला तर ते काम फेकून द्यायचं आणि कुणाला कळू द्यायचं नाही. साथीदारही हेच करतो. फक्त त्याचा अंदाज राग, घराणं, त्या गायकाच्या सवयी, आज त्याचा गळा कसा आहे, या सगळ्यावर उभा असतो, आणि चुकला तर फेकून द्यायची सोय नसते. समोर हजार माणसं बसलेली असतात. भीमसेनांची किराण्याची स्वर धरून वाढवायची पद्धत, किशोरीताईंची जयपूरची गुंतागुंतीची वळणं, जसराजांची मेवातीतली लवचीक हरकत, ही तीन वेगळी व्याकरणं आहेत. अप्पांना ती तिन्ही इतकी येत होती की वाक्य संपायच्या आत त्यांना त्याचा शेवट कळायचा.

याच माणसाचं दुसरं काम बघितलं की आणखी मजा वाटते. तबल्याच्या एकल वादनात पेटीवाला लेहरा धरतो. तीनतालात सोळा मात्रांची एकच सुरावट, पुन्हा पुन्हा, कधी तासभर. इथे कुणाच्या मागे जायचं नाही. उलट तबलजी लयीशी हवे ते खेळ करतो, आडी-कुआडीत शिरतो, सम आता चुकली असं श्रोत्याला वाटायला लावतो, आणि पेटीवाल्यानं जराही हलायचं नाही. तो भुलला की सगळा डोलारा खाली. गायकाच्या साथीत पाण्यासारखं व्हायचं आणि लेहऱ्यात दगडासारखं. दोन्ही कामं एकाच माणसाला चोख जमणं दुर्मिळ आहे, आणि अप्पांचं नाव दोन्हीकडे घेतलं जातं.

सगळंच मला आवडतं असं नाही. द्रुतात काही ठिकाणी अप्पांची पेटी गायकाला इतकी चिकटते की दोन रेघांची एक जाड रेघ होते. तयारी थक्क करणारी, पण तिथे मला पेटी नको वाटते. ताना गायकाला एकट्याला घेऊ द्याव्यात आणि पेटीनं सम तेवढी दाखवावी, असं माझ्या कानाला वाटतं. साथीची ती रीत त्यांच्या पिढीत सगळ्यांचीच होती, हेही खरं. किशोरीताईंच्या मैफलीत पुढे व्हायोलिन दिसू लागलं, त्यामागेही सुराच्या मधल्या जागेचाच ध्यास असावा असं मला वाटतं. पेटीची मर्यादा अप्पांनी पुसून टाकली असं म्हणणं भक्तीचं होईल. त्यांनी ती मर्यादा ओळखून तिच्या आत राहायचं ठरवलं, आणि त्या आत राहण्याची एक शैली केली.

आज पेटीचे दिवस चांगले आहेत. तुळशीदास बोरकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, बावीस श्रुतींची पेटी बनवायचे प्रयोग झाले, तरुण वादक एकल कार्यक्रम करतात, आणि रीलवर पेटीचे तीस सेकंद लाखो लोक बघतात. मला ते आवडतं, मीही बघतो. पण रीलमध्ये पेटी दिसते ती एकटी, जोरात आणि वेगात, कारण तीस सेकंदांत दुसरं काही दिसूच शकत नाही. ज्या कामासाठी ती मैफलीत टिकली, म्हणजे दुसऱ्याचं ऐकणं, त्याची रील होत नाही. योग्य क्षणी उचललेलं बोट कॅमेऱ्याला कसं दाखवणार?

आणि इथे मला माझ्याच धंद्याबद्दल बोलायला हवं. एल.पी.च्या वेष्टनावर आणि कॅसेटच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरांत का होईना, 'हार्मोनियम' आणि पुढे नाव असायचं. आजोबांच्या पेटाऱ्यातल्या कॅसेटींवर मी ते बघितलं. तेच ध्वनिमुद्रण फाइल होऊन फोनवर आलं तेव्हा गायकाचं नाव आलं, रागाचं आलं, साथीदार वाटेत गळाले. तांत्रिक अडचण नव्हती. गाण्याच्या फाइलमध्ये कोणी काय वाजवलं ते लिहायची सोय असते, पाहिजे तितकी नावं मावतात. कुणीतरी बसून कागदावरचं टाइप करायचं होतं, आणि ते कुणाला गरजेचं वाटलं नाही. मी स्वतः कामावर असे रकाने 'ऐच्छिक' ठेवले आहेत. ऐच्छिक ठेवलेला रकाना रिकामा राहतो, हे मला ठाऊक असतं.

याचा परिणाम नुसत्या श्रेयावर होत नाही. माझ्या वयाचा कुणी पेटी शिकत असेल आणि त्याला अप्पांनी मारव्यात काय केलं ते अभ्यासायचं असेल, तर शोधून सापडणार नाही. शोध नावानं चालतो आणि नाव लिहिलेलं नाही. ध्वनिमुद्रण आहे, वाजतंय, फुकट आहे, आणि तरी हरवलेलं आहे. ती पेटी ऐकून कोणाची ते सांगणारे कान आता ऐंशीच्या पुढे आहेत.

भीमसेन जोशींचा जन्म ४ फेब्रुवारी १९२२ चा. अप्पांचा ४ एप्रिल १९२२ चा. बरोबर दोन महिन्यांचा फरक. भीमसेनांना भारतरत्न मिळालं आणि ते त्यांचंच होतं; त्या गळ्याशी कुणाची बरोबरी लावायचा माझा विचार नाही. २०२२ मध्ये त्यांची जन्मशताब्दी गाजली, मीही पुण्यात एका कार्यक्रमाला गेलो होतो. त्याच वर्षी, दोन महिन्यांनी, माझ्या गावात जन्मलेल्या माणसाची शंभरी झाली आणि मला पत्ता नव्हता. जालन्याबद्दल बाहेर कुणी विचारलं की आम्ही सळया सांगतो, बियाणं सांगतो, मोसंबी सांगतो, 'जालना सोने का पालना' सांगतो. कुंडलिकेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन्ही जालन्यांत माझ्या वयाच्या दहा जणांना मी अप्पांचं नाव विचारलं. एकाला माहीत होतं. तो तबला शिकतो.

आता महिन्यातून एकदा जालन्याला गेलो की मी आजोबांसमोर फोन ठेवतो, या वेळी चांगल्या स्पीकरसकट. जुन्या मैफली लावतो आणि ते सांगतील ते एका तक्त्यात लिहितो: गायक, राग, पेटी, तबला, आणि शेवटी 'कशावरून'. शेवटचा रकाना माझा हट्ट. कॅसेटच्या कागदावरून, की नुसतं कानावरून? कानावरून असेल तर खात्री किती? आजोबा आधी चिडायचे, आता त्यांनाही गंमत वाटते. आतापर्यंत एकेचाळीस मैफली झाल्या. अप्पांची पेटी त्यांनी सहा ठिकाणी ओळखली. त्यातल्या तीन कॅसेटच्या कागदाशी जुळल्या, एक चुकली, दोनांचा कागद मिळालेला नाही.

मागच्या वेळी एक मैफल लावली. ते बराच वेळ डोळे मिटून होते. मी विचारलं, "अप्पा?"

"नाही."

"मग कोण?"

"नाही ओळखू येत." थोड्या वेळानं म्हणाले, "पण चांगला बसलाय गाण्यात. घाई नाही त्याला."

मी पेटीचा रकाना रिकामा सोडून पुढची मैफल लावायला गेलो. त्यांनी हात धरला.

"आधी हे लिही."

"नाव कुठे माहीत आहे?"

"घाई नाही, असं लिही."

तसं लिहिलं.